‘प्रेझेंटेशन’ या शब्दासाठी मराठीत नेमका शब्द कसा निवडावा

इंग्रजी मजकूर मराठीत आणताना ‘प्रेझेंटेशन’ हा शब्द आला, की हात आपोआप ‘सादरीकरण’ असे लिहून पुढच्या ओळीकडे वळतो. कार्यालयातील बैठकीविषयी लिहायचे असेल तर ते बहुधा बरोबरही असते. परंतु हाच शब्द सोनोग्राफीच्या अहवालात, बँकेच्या सूचनेत, हिशेबाच्या मानकांत, चर्चच्या दिनदर्शिकेत आणि संगणकाच्या पाठ्यपुस्तकातही येतो, आणि तेथे ‘सादरीकरण’ लिहिले तर वाचणाऱ्याला एक तर काहीच कळत नाही, किंवा भलतेच कळते. गरोदर स्त्रियांसाठी काढलेल्या एका माहितीपत्रकात ‘बाळाचे सादरीकरण डोक्याचे आहे’ असे वाक्य मी वाचले आणि फार अस्वस्थ झालो, कारण ज्या बाईने ते वाचायचे होते तिला ‘बाळाचे डोके खाली आहे’ एवढेच सांगायला हवे होते. अनुवाद करणाऱ्यांना, कार्यालयात मराठी पत्रे लिहिणाऱ्यांना आणि आईवडिलांचे कागद त्यांना समजावून सांगणाऱ्या मुलामुलींना अशा वेळी नेमका शब्द कसा शोधावा, हे येथे मांडले आहे.

आधी मूळ अर्थ लक्षात घ्यावा

हा शब्द लॅटिनमधून आला आहे. तेथे ‘प्रे’ म्हणजे पुढे आणि ‘एस्से’ म्हणजे असणे. त्यावरून ‘समोर असलेला’ हा अर्थ आणि त्यापासून ‘समोर आणून ठेवणे’ हे क्रियापद तयार झाले. इंग्रजीत याच मुळाचे तीन फाटे आपण शाळेपासून वापरत आलो आहोत: हजेरी घेताना म्हणायचे ‘प्रेझेंट’, वाढदिवसाला द्यायचे ‘प्रेझेंट’ आणि व्याकरणातला ‘प्रेझेंट टेन्स’. मराठीत त्यांना हजर, भेट आणि वर्तमानकाळ असे तीन अगदी वेगळे शब्द आहेत. मात्र ‘भेट’ या आपल्या शब्दातही माणसाने समोर येणे आणि माणसाला वस्तू देणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘आपली उपस्थिती हाच आमचा आहेर’ असे छापतात तेव्हा हेच दोन अर्थ पुन्हा शेजारी येऊन बसतात. म्हणजे कल्पना आपल्याला परकी नाही. फरक इतकाच, की इंग्रजी हे सारे एका नामात बसवते आणि मराठी त्यासाठी प्रसंगानुसार वेगवेगळी क्रियापदे वापरते.

म्हणून शब्द शोधताना नामाच्या जागी नाम बसवण्याचा हट्ट सोडावा आणि स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात: समोर कोण आहे, त्याच्यापुढे काय येत आहे, आणि ते आल्यावर समोरच्याने काय करायचे आहे. त्याने ते नुसते पाहायचे आहे, स्वीकारायचे आहे, की त्यावर निर्णय द्यायचा आहे? या तिन्हींची उत्तरे मिळाली, की क्रियापद बहुतेक वेळा आपणहून सुचते.

देवासमोरचे उदाहरण घ्या. देवाला आपण नैवेद्य दाखवतो, फूल वाहतो, नारळ वाढवतो, आणि देवीची ओटी भरतो. यांतली क्रियापदे एकमेकांच्या जागी घालून पाहिली तर प्रत्येक वाक्य लगेच मोडते. कीर्तनकार किंवा गायक देवापुढे आपली ‘सेवा रुजू करतो’. राजदरबारी वस्तू ‘नजर’ केली जात असे, म्हणूनच तिला नजराणा म्हणत. फारसीतील ‘पेश’ म्हणजे पुढे. त्यावरूनच ‘पेशवा’ आणि ‘पेशकश’ हे शब्द मराठी इतिहासात आले. लग्नात आहेर करतात, आणि पुस्तक देताना पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ लिहितात. तेच पुस्तक परीक्षणासाठी द्यायचे असेल तर ‘अभिप्रायार्थ’ लिहितात. इंग्रजीत या दोन प्रतींपैकी पहिलीला ‘प्रेझेंटेशन कॉपी’ म्हणतात, आणि तिचे भाषांतर ‘सादरीकरण प्रत’ असे करणाऱ्याने आपल्याच घरातल्या कपाटातील एखादे जुने पुस्तक उघडून पाहायला हवे होते.

देणाऱ्या-घेणाऱ्याची पातळीही क्रियापदात उतरते. पुरस्कार ‘प्रदान’ केला जातो, कारण देणारा तेथे अधिकाराच्या जागी असतो. मानपत्र ‘अर्पण’ केले जाते, कारण देणारे स्वतःकडे लहानपण घेतात. अहवाल ‘सादर’ केला जातो, कारण तो वरिष्ठापुढे किंवा सभेपुढे जातो. ‘मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांना प्रमाणपत्रे सादर केली’ हे वाक्य म्हणूनच खटकते.

‘सादर’ आणि ‘सादरीकरण’ या शब्दांविषयी

संस्कृतातील ‘सादर’ म्हणजे आदरासह. ‘सादर प्रणाम’ मधला सादर तो हाच. जुन्या मराठी कागदपत्रांत मात्र ‘हुकूम सादर झाला’, ‘आज्ञा सादर जाहली’ अशी वाक्ये भेटतात, आणि तेथे सादर म्हणजे निघालेला, जारी झालेला; तो अरबीतून फारसीमार्गे आलेला वेगळा शब्द आहे. तेव्हा हुकूम वरून खाली ‘सादर’ होत असे, आणि आज अहवाल खालून वर ‘सादर’ होतो. जुनी पत्रे वाचणाऱ्यांनी हा फरक मनात ठेवावा, नाहीतर कोणी कोणाला आज्ञा केली हेच उलटे होते.

‘सादरीकरण’ या रूपावर व्याकरण जाणणाऱ्यांचा एक आक्षेप आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. ‘-ईकरण’ हा प्रत्यय जे मुळात तसे नाही ते तसे करणे, या अर्थी लागतो: सक्षम नाही त्याला सक्षम करणे म्हणजे सक्षमीकरण. त्या न्यायाने सादरीकरण म्हणजे आदर नसलेल्याला आदरयुक्त करणे असा अर्थ निघेल. आक्षेप तर्काला धरून आहे. तरीही हा शब्द आता रुळला आहे, सर्वांना समजतो, आणि तो काढून टाकण्याने काही साधणार नाही असे मला वाटते. मात्र जेथे ‘सादर करणे’ या क्रियापदाने काम भागते तेथे नाम टाळावे. ‘प्रकल्पाचे सादरीकरण करण्यात आले’ यापेक्षा ‘विद्यार्थ्यांनी प्रकल्प सादर केला’ हे लहान आहे, आणि कर्ता कोण हेही त्यात स्पष्ट होते.

हिंदीतून येणाऱ्या ‘प्रस्तुत करणे’ आणि ‘प्रस्तुती’ यांबाबत मी अधिक सावध राहा असे म्हणेन. मराठीत ‘प्रस्तुत’ हा शब्द ‘हा, चालू असलेला’ या अर्थी पक्का आहे: प्रस्तुत लेख, प्रस्तुत लेखक. ‘प्रस्तुत अहवाल प्रस्तुत करण्यात येत आहे’ असे वाक्य मग अटळ होते.

विधिमंडळ, न्यायालय, दस्त आणि धनादेश

सरकारी व कायदेशीर मजकुरात एकच क्रियापद सगळीकडे चालवल्याने सर्वांत जास्त नुकसान होते, कारण तेथे प्रत्येक क्रियापदामागे ठरलेली कार्यपद्धती असते. विधेयक ‘मांडले’ जाते. अर्थसंकल्प ‘मांडला’ किंवा ‘सादर केला’ जातो. एखाद्या महामंडळाचा वार्षिक अहवाल ‘सभागृहाच्या पटलावर ठेवला’ जातो. संविधानाच्या अनुच्छेद ११२ मध्ये राष्ट्रपतींनी संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे वार्षिक वित्तीय विवरणपत्र ठेवण्याची व्यवस्था करावी असे सांगितले आहे, आणि राज्यांसाठी तीच तरतूद अनुच्छेद २०२ मध्ये आहे. वृत्तपत्रात ‘अर्थसंकल्प मांडला’ हेच चांगले, कारण मांडणे म्हटले की त्यावर पुढे चर्चा होणार हेही ऐकू येते.

न्यायालयात माणूस आणि कागद यांच्यासाठी क्रियापदे वेगळी आहेत. आरोपीला ‘हजर’ करतात, पुरावा ‘सादर’ करतात, दावा ‘दाखल’ करतात, वकील अशिलाची बाजू ‘मांडतो’. अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे, असे अनुच्छेद २२ सांगतो; तेथे ‘सादर’ लिहिले तर माणसाचा कागद होतो.

जमीन किंवा घराचा दस्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवायचा असतो, तेव्हा तो ‘नोंदणीसाठी सादर’ केला जातो, आणि तेथे मिळणाऱ्या पावतीवर ‘सादर करणाराचे नाव’ असा रकाना असतो. येथे सादर करणे ही नुसती कागद पुढे सरकवण्याची कृती नव्हे. नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे ज्याने दस्त करून दिला तो, ज्याला त्याखाली हक्क मिळतो तो, त्यांचा वारस-प्रतिनिधी किंवा रीतसर मुखत्यारपत्र असलेला माणूस, यांनाच तो सादर करता येतो, आणि सर्वसाधारणपणे दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो सादर व्हावा लागतो. इंग्रजी कागदात ‘प्रेझेंटेशनची तारीख’ असे दिसले तर तिला ‘दस्ताची तारीख’ म्हणू नये. सही एका दिवशी आणि सादर दुसऱ्या दिवशी असे पुष्कळदा घडते.

बँकेत हा शब्द आला की तो बहुधा धनादेशाविषयी असतो. लोक बोलताना ‘चेक टाकला’, ‘चेक वटला’, ‘चेक परत आला’ असे म्हणतात, आणि लेखी मराठीत ‘धनादेश वटवण्यासाठी सादर करणे’ हे नेमके आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०१२ पासून धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत सादर करावा लागतो. त्याआधी ही मुदत सहा महिने होती. खात्यात पैसे नसल्यामुळे तो परत आला, तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली जी कारवाई होते तिची सुरुवातही या सादर करण्यापासूनच होते: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी करावी लागते, आणि ती मिळाल्यावर धनादेश देणाऱ्याला पैसे भरायला १५ दिवस मिळतात. अशा मजकुरात ‘पुन्हा सादर करणे’ या अर्थाचा इंग्रजी शब्द (re-presentation) आणि ‘निवेदन’ किंवा ‘प्रतिनिधित्व’ या अर्थाचा इंग्रजी शब्द (representation) दिसायला जवळपास सारखे असतात, म्हणून मधली आडवी रेघ डोळ्यांत तेल घालून पाहावी.

या व्यवहाराला मराठीत फार जुना आणि सुंदर शब्द होता, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हुंडी दाखवताच पैसे द्यायचे असतील तर ती ‘दर्शनी हुंडी’, आणि ठरलेल्या दिवसांनी द्यायचे असतील तर ‘मुदती हुंडी’. सावकार हुंडी ‘सकारत’ असे किंवा ‘नकारत’ असे. दर्शन या एका शब्दात समोर आणणे, पाहणे आणि देणे लागणे हे तिन्ही आले. हुंडीचा व्यवहार मागे पडला तरी ‘दर्शनी’ हा शब्द आजही दर्शनी मूल्य, दर्शनी भाग अशा जोड्यांत जिवंत आहे, आणि ‘दाखवताच देय’ असे लांबलचक लिहिण्याऐवजी तो वापरायला काहीच हरकत नाही.

दवाखान्यातील कागद

सोनोग्राफीच्या अहवालात या शब्दापुढे ‘सेफॅलिक’ लिहिलेले असेल तर बाळाचे डोके खाली, म्हणजे प्रसूतिमार्गाच्या दिशेने आहे, आणि प्रसूतीच्या सुमारास तीच नेहमीची स्थिती असते. ‘ब्रीच’ लिहिले असेल तर बाळाचा पार्श्वभाग किंवा पाय खाली आहेत. मराठीत त्याला ‘मूल पायाळू आहे’ असे म्हणतात, आणि बाळ आडवे असेल तर ‘मूल आडवे आहे’. अहवालातील हा शब्द म्हणजे गर्भाचा कोणता भाग सर्वांत पुढे आहे याचे वर्णन असते, आजाराचे नाव नसते. २८ व्या आठवड्याच्या सुमारास चार-पाचांतले एखादे बाळ पायाळू स्थितीत असते आणि त्यांतली बहुतेक पुढे आपोआप फिरतात; पूर्ण दिवस भरताना ही स्थिती सुमारे ३ ते ४ टक्के गर्भांत उरते. तेव्हा सातव्या महिन्यातला अहवाल वाचून घरात घबराट करू नये. नवव्या महिन्यातही स्थिती तीच असेल, तर बाळ बाहेरून फिरवून पाहायचे की शस्त्रक्रियेने प्रसूती करायची, हे तपासणाऱ्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे.

‘पायाळू’ हा शब्द वापरताना एक काळजी घ्यावी. पायाळू माणसाला जमिनीखालचे पाणी किंवा धन दिसते, त्याच्यावर वीज लवकर पडते, अशा समजुती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, आणि विहीर खणण्याआधी पायाळू माणूस शोधण्याची रीत अनेक गावांत ऐकायला मिळते. या समजुतींना आधार नाही. समजावून सांगताना शब्द अवश्य वापरावा, कारण तो आजीलाही कळतो. मात्र त्याच दमात ‘म्हणजे बाळाचे पाय खाली आहेत, एवढेच’ असे सांगून भीतीला जागा ठेवू नये.

वैद्यकात या शब्दाचा दुसरा उपयोग रुग्ण कोणत्या तक्रारी व लक्षणे घेऊन आला, हे सांगण्यासाठी होतो. तेथे ‘रुग्णाचे सादरीकरण’ नको. ‘रुग्ण दोन दिवसांचा ताप व अंगदुखी या तक्रारींसह आला’ असे वाक्य करावे. एखाद्या आजाराविषयी लिहिताना ‘आजाराची सुरुवातीची लक्षणे’ म्हटले की पुरते.

हिशेब, उत्तरपत्रिका, रंगमंच, ताट

हिशेबाच्या क्षेत्रात चूक सहज होते. भारतीय लेखा मानकांतील पहिले मानक, म्हणजे ‘इंड एएस १’, याच शब्दाने सुरू होते, आणि तेथे विषय आहे तो ताळेबंद व नफा-तोटा विवरणात कोणती रक्कम कोणत्या शीर्षाखाली दाखवावी हा. त्याला ‘वित्तीय विवरणपत्रांची मांडणी’ म्हणावे. ‘वित्तीय विवरणपत्रांचे सादरीकरण’ म्हटले तर वार्षिक सभेपुढे किंवा कंपनी निबंधकाकडे ती देणे असा अर्थ होतो, आणि त्या दोन्ही गोष्टींचे नियम निराळे आहेत. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेबाबतही ‘मांडणी’ आणि ‘टापटीप’ हे शब्द शिक्षक कायम वापरत आले आहेत; तेच ठेवावेत.

नाटकाचा ‘प्रयोग’ होतो, गाण्याची ‘मैफल’ होते, कीर्तन ‘होते’ किंवा ‘केले जाते’, आणि गायक राग ‘मांडतो’. सिंधुदुर्गात रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकाचाही प्रयोगच असतो. ‘नाटकाचे सादरीकरण’ हा शब्दप्रयोग मी दिग्दर्शकाने नाटक कसे उभे केले याची चर्चा असेल तेव्हाच वापरतो: ‘प्रयोग रंगला, पण सादरीकरणात वेग कमी पडला’ हे वाक्य दोन्ही शब्दांना त्यांची त्यांची जागा देते. कार्यक्रमाची सूत्रे सांभाळणाऱ्याला सूत्रसंचालक आणि आकाशवाणी-दूरदर्शनवर बोलणाऱ्याला निवेदक म्हणावे, ‘सादरकर्ता’ नव्हे. तो शब्द कलाकारासाठी राखून ठेवावा.

पाककृतीच्या लेखांत हा शब्द हल्ली फार येतो आणि त्याचे सरसकट ‘सजावट’ होते. कोथिंबीर भुरभुरणे ही सजावट खरी, पण ताटात काय कोठे यावे याला आपल्याकडे ‘ताट वाढणे’ म्हणतात आणि त्याचे स्वतःचे शास्त्र आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाज्या, आमटी उजवीकडे. मध्ये भाताची मूद आणि तिच्यावर वरण व तूप. ज्या पदार्थाविषयी लिहायचे तो एकटाच बशीत असेल तर ‘मांडणी’, पंगतीतला असेल तर ‘वाढप’.

काही ठरीव प्रसंग

ख्रिस्ती दिनदर्शिकेत २ फेब्रुवारीला येणारा सण येशूच्या जन्मानंतर चाळीस दिवसांनी त्याला जेरुसलेमच्या मंदिरात नेल्याच्या प्रसंगाचा आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो. पहिला मुलगा देवाला वाहायचा या नियमशास्त्राशी तो जोडलेला असल्यामुळे तेथे ‘समर्पण’ हाच शब्द अर्थाला न्याय देतो. शाळेच्या नावात मात्र ‘प्रेझेंटेशन’ तसाच ठेवावा. १७७५ मध्ये नॅनो नॅगल यांनी आयर्लंडमधील कॉर्क येथे स्थापन केलेल्या धर्मभगिनींच्या संघाचे ते नाव आहे, आणि विशेषनामाचे भाषांतर करायचे नसते.

परदेशी राजदूत राष्ट्रपतींना आपली ‘अधिकारपत्रे सादर’ करतात. संचलनातील शस्त्रे समोर धरण्याच्या कृतीला भारतीय सैन्यात ‘सलामी शस्त्र’ असा आदेश आहे, आणि मराठी बातमीत ‘मानवंदना दिली’ असे लिहितात.

इंग्रजी शब्द ठेवायचा असेल तेव्हा

पडद्यावर स्लाइड दाखवून केलेल्या निवेदनासाठी हा शब्द मराठीत पूर्ण मुरला आहे. एकेकाळी ‘पारदर्शिकांसह व्याख्यान’ अशी जाहिरात असे, आणि तेव्हा खरोखरच पारदर्शक फिल्मवर प्रकाश टाकला जात असे. १९८७ मध्ये फोरथॉट या कंपनीने मॅकिंटॉश संगणकासाठी पॉवरपॉइंट आणले, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली, आणि पुढे त्या आज्ञावलीच्या फाइलचे लघुनाम ‘पीपीटी’ हेच आपल्याकडे वस्तूचे नाव झाले. बोलण्यात ‘पीपीटी’ म्हणजे फाइल आणि ‘प्रेझेंटेशन’ म्हणजे ती दाखवत बोलण्याची कृती, असा भेद लोकांनी आपणहून केला आहे. लिहितानाही तो पाळावा. ‘पीपीटी पाठवली, प्रेझेंटेशन उद्या आहे’ यात काहीही संदिग्ध नाही. औपचारिक पत्रात पहिल्यासाठी ‘सादरीकरणाची फाइल’ आणि दुसऱ्यासाठी ‘सादरीकरण’ लिहावे.

संगणकजाळ्याच्या सात थरांच्या ओएसआय प्रतिमानात सहाव्या थराचे नाव हेच आहे. त्याचे काम माहितीचे रूप बदलण्याचे: वर्णसंकेत (अक्षरे साठवण्याची पद्धत), आकुंचन (माहितीचा आकार कमी करणे), कूटबद्धता (ती गुप्त रूपात बदलणे). देवनागरीचा एक वर्ण यूटीएफ-८ या वर्णसंकेतात तीन बाइटांत साठवला जातो, आणि हा संकेत दोन्ही टोकांना सारखा उलगडला नाही तर पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन किंवा अगम्य चिन्हे दिसतात. अशी रूपांतरे या थराच्या कक्षेत येतात. येथे ‘सादरीकरण थर’ लिहिल्यास विद्यार्थ्याला स्लाइड आठवतील, म्हणून ‘प्रेझेंटेशन थर’ असेच ठेवून पुढे एका वाक्यात त्याचे काम सांगावे.

लेखन ‘प्रेझेंटेशन’ असे, झ घालून करावे. हिंदीत ज खाली नुक्ता देतात. मराठीत ‘झेल’, ‘झेप’ यांतला झ तो उच्चार आधीच देतो, आणि ‘डिझाइन’मध्ये आपण तोच वापरतो. ‘प्रेजेंटेशन’ आणि ‘प्रेसेंटेशन’ ही रूपे टाळावीत. शब्द नपुंसकलिंगी चालतो, ‘ते प्रेझेंटेशन’. पीपीटी मात्र स्त्रीलिंगी, ‘ती पीपीटी’. विभक्ती लावताना ‘प्रेझेंटेशनाचा’ असे सामान्यरूप न करता ‘प्रेझेंटेशनचा’, ‘प्रेझेंटेशनमध्ये’ लिहावे, आणि अनेकवचनासाठी शब्द तसाच ठेवून ‘तीन प्रेझेंटेशन झाली’ असे म्हणावे.